खातेदार : वय वर्षे सोळा

2025 च्या उन्हाळ्यात मी इंदूरच्या पश्चिम भागातील एका बँकेच्या शाखेत पाच वेळा गेले आणि त्या पाचही वेळा माझे स्वतःचे तेथे काहीही काम नव्हते. काम होते ते आमच्या मंडळाच्या शिबिरातील अकरा मुलामुलींचे, आणि तेही अगदी साधे होते: स्वतःच्या नावाचे आणि स्वतःच्या सहीने चालणारे बचत खाते उघडणे. नियमाप्रमाणे जे होऊ शकते ते करून घेण्यासाठी इतके झगडावे लागते, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

शिबिराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. सुदामा नगराच्या आसपासची मराठी कुटुंबे लहान मुलांना उन्हाळी संस्कार शिबिरात आवर्जून पाठवतात, परंतु मूल आठवी-नववीत गेले की श्लोक आणि चित्रकला यांत त्याचे मन रमत नाही आणि ते येईनासे होते. म्हणून आम्ही तीन निवृत्त शिक्षिका आणि विजेची कामे करणारे एक शेजारी अशा चौघांनी ठरवले की 14 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोजच्या व्यवहारातील कामे शिकवणारा वेगळा वर्ग घ्यायचा. सभागृह मिळाले, पालकांची संमतिपत्रे आली आणि 12 मेपासून रोज संध्याकाळी पाच ते सात या वेळात अठरा मुले येऊ लागली. वरण-भाताचा कुकर लावणे, बटण शिवणे, वीजबिल वाचणे, एमसीबी (जादा भार आल्यास वीज आपोआप तोडणारा खटका) का पडला ते शोधणे, रेल्वेचे आरक्षण करणे आणि अर्ज लिहिणे हे सगळे ठरल्याप्रमाणे पार पडले. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडते, हा हिशेब मांडल्यावर एका मुलाने घरी जाऊन वडिलांच्या आंघोळीवर वेळेची मर्यादा घातली, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली.

हे बँकेच्या ओघात बसत नाही, परंतु विसरण्यापूर्वी लिहिते. गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यापुढचे आकडे वर्षाचे. त्या तिमाहीत सिलिंडरची पुढील तपासणी व्हावयाची असते, म्हणून मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नये. हा पाठ आमच्या शिबिरात सर्वांत लवकर घरोघरी पोहोचला. गॅसचा वास आल्यास बटणे दाबायची नाहीत, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन 1906 हा क्रमांक फिरवायचा, हेही मुलांनी पाठ केले.

बँकेचा पाठ माझ्याकडे होता. मी बत्तीस वर्षे गणित शिकवले, सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांची शेकडो उदाहरणे फळ्यावर सोडवली, परंतु त्यांतील ‘रमेशने बँकेत ठेवले’ हे वाक्य एकाही मुलाने प्रत्यक्ष करून पाहिले नव्हते. अठरापैकी सात जणांच्या नावे पालकांनी चालवलेली खाती होती आणि अकरा जणांची नव्हतीच. दहा वर्षे पूर्ण झालेले मूल स्वतःचे बचत खाते स्वतः उघडू आणि चालवू शकते, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने मे 2014 मध्येच दिलेली आहे. 21 एप्रिल 2025 च्या परिपत्रकात ती पुन्हा एकत्रित स्वरूपात मांडली गेली आणि त्यानुसार आपली धोरणे जुळवून घेण्यासाठी बँकांना 1 जुलै 2025 पर्यंत मुदत मिळाली. रकमेची मर्यादा किती ठेवायची, एटीएम कार्ड किंवा चेकबुक द्यायचे की नाही, हे प्रत्येक बँक ठरवते. खात्यात शिल्लक कायम जमेची राहिली पाहिजे आणि खातेदार सज्ञान झाल्यावर खाते चालवण्याबाबतच्या नव्या सूचना व नमुना सही पुन्हा घ्यावयाची असते. हे सर्व मी वर्गात समजावून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार मुलांना घेऊन निघाले. अकराही मुलांना एकदम नेले नाही, एवढाच त्या दिवसाचा शहाणपणा.

पहिल्या फेरीत खिडकीवरच्या बाईंनी मुलांकडे न पाहता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पिताजी को लेकर आइए।” ज्या मुलीने खाते उघडण्याविषयी विचारले होते तिचे वय सोळा आणि आडनाव पिंगळे. “मला स्वतःला उघडायचे आहे,” असे तिने स्वच्छ हिंदीत सांगितले, त्यावर पालकाच्या सहीचा रकाना असलेला अर्ज तिच्या हातात ठेवण्यात आला आणि आम्ही परतलो.

दुसऱ्या फेरीत परिपत्रकाची झेरॉक्स आणि त्याच बँकेच्या संकेतस्थळावरून काढलेले पान आमच्याजवळ होते. त्या पानावर दहा वर्षांवरील मुलांसाठी स्वतः चालवण्याच्या खात्याची योजना नावासह छापलेली होती. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद वाचले, परिपत्रकावरील 1 जुलै या तारखेवर बोट ठेवले आणि ‘अभी लागू नहीं हुआ’ असे सांगून टाकले. ती मुदत बँकांना धोरण जुळवण्यासाठी होती, तुमची योजना तर आधीपासून चालू आहे, असे मी म्हणाले. त्यावर उत्तर आले की शाखेत असे खाते आजवर कोणी उघडलेले नाही. माझ्या अनुभवाने सांगते, नियम नाही असे कोणी म्हटले तर नियम दाखवता येतो. ‘आजवर कोणी केले नाही’ याला दाखवण्यासारखा कागदच नसतो.

तिसरी फेरी 31 मे रोजी झाली. त्या दिवशी अहिल्याबाई होळकरांची त्रिशताब्दी असल्यामुळे आमचे सभागृह कार्यक्रमासाठी दिलेले होते आणि वर्गाला सुट्टी होती. बँक शनिवारी बंद असणार असे मुलांच्या पालकांना वाटले, परंतु बंद असतो तो दुसरा आणि चौथा शनिवार. हा पाचवा होता आणि हे गणित मुलांनीच मांडले, याचा मला त्या सकाळी फार अभिमान वाटला. तो अर्धा तासच टिकला. अधिकारी या वेळी तयार झाले, परंतु आधारच्या यंत्रावर पिंगळेचे बोट उमटेना. तिचे ठसे पाचव्या वर्षी घेतलेले होते आणि पंधराव्या वर्षी ते पुन्हा द्यावे लागतात, ही गोष्ट तिच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हती. माझ्या शिकवण्यातही ती आली नव्हती, हे मला कबूल केले पाहिजे. दुसऱ्या मुलाचे बोट उमटले, तेव्हा ‘लिंक नहीं है’, म्हणजे बँकेची संगणक जोडणी बंद आहे, असे ऐकावे लागले.

त्या क्षणी माझा संयम सुटला. मी खिडकीपुढे उभी राहून चढ्या आवाजात बोलले, मागच्या दोन फेऱ्यांचा पाढा वाचला, उन्हाचा आणि वयाचा उल्लेख केला आणि रांगेतील लोकही माझ्या बाजूने बोलू लागले. बाहेर पडल्यावर उसाच्या रसाच्या गाडीपाशी पिंगळे शांतपणे म्हणाली, “काकू, आज सगळे तुम्हीच बोललात.” मुलांनी स्वतः काम करून घ्यावे म्हणून शिबिर काढणारी मी, त्यांना भिंतीला टेकून उभे करून स्वतःच भांडून आले होते. शिक्षकाची ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

म्हणून चौथ्या फेरीआधी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे अकराही मुलांची आधारची स्थिती तपासली. त्यांतील सहा जणांचे पंधराव्या वर्षीचे ठसे द्यायचे राहिलेले होते. ही दुरुस्ती 15 ते 17 या वयात विनाशुल्क होते, परंतु केंद्रावर सकाळी लवकर टोकन घ्यावे लागते आणि शाळा सुरू झाल्यावर गर्दी वाढते, म्हणून ज्यांच्या घरी या वयाचे मूल आहे त्यांनी मे महिन्यातच हे उरकून घ्यावे. आम्ही हे शिबिराच्या पहिल्या दिवशी तपासले असते, तर निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या. दुसरी गोष्ट म्हणजे मुलांनी शाखा व्यवस्थापकांच्या नावे अर्ज लिहिला. तो मी वाचला, परंतु त्यात शब्दही बदलला नाही. त्यात त्यांनी तीन तारखा, प्रत्येक वेळी मिळालेले उत्तर आणि योजनेचे नाव लिहून शेवटी विनंती केली होती की खाते उघडता येत नसल्यास त्याचे कारण लेखी द्यावे. सोबत दुसरी प्रत नेली आणि तिच्यावर पोच म्हणून शिक्का व तारीख मागितली.

चौथ्या फेरीत मी आत गेले, पण दाराजवळच्या बाकावर बसून राहिले आणि तोंडाला पाण्याची बाटली लावून ठेवली, कारण मला स्वतःचा भरवसा नव्हता. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली, मुले हलली नाहीत. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, हे वर्गात सांगितलेले वाक्य एका मुलाने अत्यंत आदराने, जणू प्रश्न विचारतो आहे अशा सुरात म्हटले. शिक्का मिळाला. माझे तिसऱ्या फेरीतील पंधरा मिनिटांचे ओरडणे जिथे कमी पडले, तिथे एका गोल निळ्या शिक्क्याने काम केले, ही गोष्ट मला थोडी झोंबलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी शाखेतून फोन आला, आणि तो माझ्या नव्हे तर अर्जावर क्रमांक असलेल्या पिंगळेच्या घरी आला.

पाचव्या फेरीची कागदपत्रे कोणाच्या उपयोगी पडतील म्हणून सांगते: आधार, शाळेचे ओळखपत्र, दोन छायाचित्रे, आणि पॅन नसेल तर त्याऐवजी द्यायचा घोषणापत्राचा फॉर्म (2025 मध्ये तो फॉर्म 60 होता). त्या फॉर्ममध्ये मुले नेहमी अडखळतात, म्हणून तो वर्गात एकदा भरून पाहावा. नाव आधारवर जसे आहे तसेच सर्वत्र लिहावे. आपल्याकडे मुलाच्या नावात वडिलांचे नाव मध्ये येते आणि येथील शाळांच्या गुणपत्रिकेत बहुधा ते वेगळ्या ओळीत जाते, त्यामुळे एकच मूल दोन कागदांवर दोन निराळी माणसे दिसते.

आणि ‘ळ’! इंदूरमध्ये जन्म काढलेल्या आम्हा मराठी माणसांना आपले आडनाव हिंदी अर्जावर ‘ल’ ने लिहिलेले पाहण्याची सवय झालेली आहे. पिंगळेने सही देवनागरीत केली, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी विचारले की हे कोणते अक्षर आहे. तिने दोनदा उच्चारून दाखवले. पासबुकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी हाताने ‘पिंगले’ असे लिहून दिले, तेव्हा तिने ते परत सरकवले, दुरुस्त करून घेतले आणि दुरुस्तीशेजारी आद्याक्षरे मागितली, कारण खाडाखोडीजवळ सही नसेल तर ती ग्राह्य धरू नये हे मी तिसऱ्या दिवशी शिकवले होते. बाईंनी हसून आद्याक्षरे दिली. मी बाकावरच होते आणि या वेळी बाटलीची गरज पडली नाही.

तिने पाचशे रुपयांची पहिली स्लिप भरली. अकरापैकी सहा खाती जूनमध्ये उघडली, तीन जुलैमध्ये आणि दोन मुलांची आधारची दुरुस्ती लांबल्यामुळे मागे राहिली. एका वडिलांनी आक्षेप घेतला होता की हातात खाते दिले तर मूल फसवले जाईल. त्यांच्यासाठी एका संध्याकाळी पालकांनाही बसवले आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त देण्यासाठी असतो, आणि फसवणूक झालीच तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचे, हे त्यांच्यासमोर त्यांच्याच मुलाकडून वदवून घेतले. ते वडील नंतर माझ्याकडे येऊन त्याबद्दल आणखी दोन प्रश्न विचारून गेले.

आणखी एक, जे मी पहिल्या फेरीआधीच सांगायला हवे होते: प्रत्येक मुलाने स्वतःचे पेन न्यावे. खिडकीशी दोरीने बांधलेले पेन त्या पाच फेऱ्यांत एकदाही उमटले नाही.