११,६०८ विरुद्ध ११,६०८

४ जानेवारी २०१८ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, आमच्या न्यूपोर्ट न्यूज शहराचा आमदार ईश्वरचिठ्ठीने ठरला. दोन्ही उमेदवारांना ११,६०८ अशी सारखीच मतं होती. कॅमेऱ्याच्या रोलच्या दोन डब्या, एकेकीत एक नाव, दोन्ही एका वाडग्यात. रिपब्लिकन डेव्हिड यान्सींचं नाव निघालं, डेमोक्रॅट शेली सायमंड्स हरल्या. व्हर्जिनियाच्या १०० जणांच्या सभागृहात रिपब्लिकन ५१, डेमोक्रॅट ४९ झाले. चिठ्ठी उलटी निघती तर ५०-५०.

यावर ऑफिसात हशा पिकला. मला ते लागलं. मी सांगितलं, फेब्रुवारी २०१७मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मतं सारखी झाली, आणि तिथेही चिठ्ठीच काढली. शहा निवडून आले. यात हसण्यासारखं काय आहे?

मी थक्क झाले ती त्याआधीच्या एका मतपत्रिकेने. आधी यान्सी दहा मतांनी पुढे होते. १९ डिसेंबरच्या फेरमोजणीत सायमंड्स एका मताने जिंकल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांसमोर बाद ठरलेला एक कागद आला. इथे स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखा गोल काळा करायचा असतो. या मतदाराने दोघांचेही गोल काळे केले होते आणि सायमंड्सच्या गोलावर एक रेघ मारली होती. ती रेघ म्हणजे खोडणं, की हात घसरला? न्यायाधीशांनी ते मत यान्सींना दिलं, आणि बरोबरी झाली. तो निकाल मला पटलेला नाही. पण कुणा अनोळखी माणसाच्या मनात काय होतं हे शोधायला तीन न्यायाधीश बसतात, याचं मला फार मोल वाटतं. आपल्या यंत्रावर असा घोळ होतच नाही, हेही खरं.

आणि सुट्टी? इथे मतदान मंगळवारी, आणि २०१७ला सुट्टी नव्हती. माझी नर्स शेजारीण ड्यूटीवरून धावत संध्याकाळी सातच्या आत कशीबशी पोचली. आपल्याकडे मतदानाला सुट्टी देतात, इथे का नव्हती?

मला इथे मत नाही, ग्रीन कार्डच आहे. ठाण्यातही मी नऊ वर्षांत मत दिलेलं नाही. परदेशातल्या नागरिकाला नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. एका मतासाठी एवढं तिकीट काढायचं का, असं मी आईला दरवेळी सांगत आले. तिचे गुडघे दुखतात, तरी ती सकाळी सातला रांगेत असते. परवा फोनवर तिला हे आकडे सांगितले, तर तिने विचारलं, "मग २०१९ला येतेस का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.