फुकटच्या सॉफ्टवेअरचं पहिलं बिल

"हे तर नेटवर फुकट मिळतंय की ओ, मग 1,40,000 कशाचं?"

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपच्या मालकांनी माझं कोटेशन टेबलावर ठेवून असं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. त्यांचा पुतण्या पुण्यात आयटीत आहे, त्यानं आदल्या रात्री ईआरपीनेक्स्ट, म्हणजे कारखान्याचा स्टॉक, बिलं, हिशोब एका जागी ठेवणारं मी बसवून देणार होतो तेच सॉफ्टवेअर, शोधून काढलं होतं, आणि तो बरोबरच होता. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर जीपीएल नावाच्या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे, कुणीही डाउनलोड करा, वापरा, बदला. मी मात्र कोटेशनमध्ये एकच ओळ लिहिली होती, 'ईआरपी सॉफ्टवेअर - 1,40,000'. जे फुकट आहे त्याचीच किंमत लावली आणि जे काम मी खरंच करणार होतो त्याचा एक शब्द नाही.

नोकरी सोडून तेव्हा चार महिने झालेले. घरी येऊन जीपीएल पहिल्यांदा नीट, पहिल्या ओळीपासून वाचलं, तोपर्यंत मी पण सगळ्यांसारखंच धरून चाललो होतो की ओपन सोर्स म्हणजे पैसे मागायचे नाहीत. तसं कुठंच लिहिलेलं नाही. उलट कॉपी देण्याचे हवे तेवढे पैसे घ्या, सपोर्टचे घ्या, वॉरंटीचे घ्या असं सरळ लिहिलंय. अट एवढीच की ज्याला सॉफ्टवेअर देताय त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, आणि तो बदलायचा, पुढं वाटायचा हक्क पण द्यायचा. हे लायसन्स ज्यांनी लिहिलं ते रिचर्ड स्टॉलमन स्वतः 1985 मध्ये त्यांच्या ईमॅक्स या एडिटर सॉफ्टवेअरची टेप 150 डॉलरला विकायचे. हे वाचून मला फार हलकं वाटलं, कारण मनात कुठंतरी आपण काहीतरी चोरटं करतोय असं होतं.

दुसरं कोटेशन असं केलं. सॉफ्टवेअर लायसन्स 0. आयटम मास्टर, म्हणजे मालाची यादी, साफ करणं 35,000. सेटअप आणि जॉबवर्क, म्हणजे बाहेर करून घ्यायच्या कामाच्या नोंदी, 45,000. चलन, बिलं, रिपोर्ट 20,000. आठ दिवस ट्रेनिंग 40,000. बेरीज तीच, एक रुपया कमी केला नाही. सर्व्हर त्यांच्याच नावावर, त्याचे पैसे ते परस्पर भरणार. मालकांनी शून्यावर बोट ठेवून विचारलं, उद्या तुम्ही फोन उचलला नाही तर? मी म्हटलं दादा, कोड तुमच्याच सर्व्हरवर आहे, डेटा तुमचा आहे, मला काढून दुसरा माणूस लावा, तो तिथून पुढं काम करेल. ते बराच वेळ गप्प बसले, मग ड्रॉवरमधून एक डोंगल काढून दाखवला, जो कॉम्प्युटरला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो. आधीच्या सॉफ्टवेअरचा. विकणारा माणूस गायब, डोंगल खराब, आणि सहा वर्षांची बिलं त्यात अडकलेली. त्या दिवशी काम मिळालं. माझं ठाम मत आहे की गिऱ्हाईकाला 'फुकट' सांगू नका, 'तुम्ही अडकणार नाही' हे सांगा, कारखानदाराला ते लगेच कळतं.

काम कोडिंगचं कमी आणि स्टोअरमध्ये उभं राहायचं जास्त निघालं. एक्सेलमध्ये एकच कास्टिंग 'पंप बॉडी 4 इंच', 'बॉडी पंप 4' आणि 'पी.बी. चार' अशा तीन नावांनी होतं आणि तिन्हींचा स्टॉक वेगवेगळा. स्टोअरचे मामा 22 वर्षं तिथं आहेत, ते रॅकजवळ नेऊन एकेक पीस हातात देऊन सांगायचे, "ह्यो आणि त्यो एकच हाय बघा, लिवणारा बदलला की नाव बदलतंय." 1,800 ओळींच्या 1,100 झाल्या, अकरा दिवस गेले. सोर्स कोड कुणालाही मिळतो पण ही माहिती फक्त मामांकडं होती आणि ती सिस्टीममध्ये नीट आणून बसवायचे ते 35,000.

मग चलनाची, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदाची पीडीएफ. मटेरियल प्लेटिंगला बाहेर जातं, ते जॉबवर्कला पाठवल्यापासून एका वर्षात परत यायला लागतं नाहीतर जीएसटीत तो पुरवठा धरतात, त्यामुळं चलन एकदम चोख पाहिजे. टेम्पोवाल्याला वाचता यावं म्हणून मराठीत केलं, स्क्रीनवर झकास, पीडीएफ काढली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. अख्खा दिवस मी प्रिंट फॉरमॅट उलटापालटा केला आणि शेवटी कळलं की पीडीएफ सर्व्हरवर बनते आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नाहीये. लोहित देवनागरी टाकला, तो पण ओपन सोर्सच, दोन मिनिटांत चालू. कुणाला चौकोन दिसत असतील तर आधी हे बघा.

पैशाचं सांगायचं तर 40 टक्के ॲडव्हान्स म्हणजे 56,000 ठरले होते आणि खात्यात आले 50,400. मी घाबरून फोन केला तर त्यांचे अकाउंटंट म्हणाले टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा आयकर, कापलाय, आयकर खात्याच्या 26एएस फॉर्ममध्ये दिसेल. दिसला, आणि रिटर्न भरल्यावर हिशोबात धरला गेला. जीएसटी नंबर मी अजून घेतला नव्हता, सर्व्हिसला वर्षाला 20 लाखांपर्यंत लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी उशिरा शिकलो. पहिले पाच महिने व्हॉट्सॲपवर रात्री दहाला मेसेज यायचा, "ह्या रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढवा", मी लगेच करून द्यायचो आणि त्याचं बिल कधीच केलं नाही. चिडचिड व्हायला लागली तेव्हा जाऊन स्पष्ट बोललो, आणि एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार ठरवला, वर्षाला 36,000, महिन्याला सहा तास, त्यावर तासाप्रमाणे. मालकांनी एका वाक्यात मान्य केलं, "आधीच सांगायचं की."

जॉबवर्कच्या शिल्लक मालाचा जो रिपोर्ट मी बनवला तो त्यांना विचारून, त्यांचं नाव, पार्ट नंबर सगळं काढून गिटहब या कोड शेअर करायच्या साइटवर टाकलाय. ते आधी म्हणाले शेजारचा वापरेल की, मग स्वतःच म्हणाले वापरू दे, आपलं पण दुसऱ्याच्याच जिवावर चाललंय. गेल्या महिन्यात गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यातून फोन आला, त्यांच्याकडच्या पोरानं तो रिपोर्ट चालवून बघितला होता, फक्त प्लेटिंगच्या जागी हीट ट्रीटमेंट पाहिजे होतं. कोटेशन पाठवलं, पहिली ओळ सॉफ्टवेअर लायसन्स 0. सोमवारी त्यांच्या स्टोअरमध्ये जायचंय, आयटम 2,300 आहेत म्हणे.