८१ नंबर

काल माझ्या आइस हॉकी संघाची, वेगास गोल्डन नाइट्सची जर्सी वाळत घालताना दिसलं, ८१ मधला १ खालून सुटलाय. सुई-दोरा घेऊन बसले, तर भाची आली. “मावशी, हा एक्क्याऐंशी कोण गं?”

मार्शसो, म्हटलं.

“तो वेगासचा कुठे? तो तर नॅशव्हिलला गेला ना?”

एवढं बोलून ती निघून गेली आणि माझा टाका वाकडा पडला.

तिचं काही चुकलं नाही. तिच्या लेखी वेगास म्हणजे आयकल, आणि आता मार्नर. पण मला रात्रभर ते लागून राहिलं. ‘आपण जिंकलो’, ‘आपण हरलो’ असं मी इतक्या सहज म्हणते, त्या ‘आपण’मध्ये आता कोण कोण उरलंय? आमचा गोलकीपर फ्लुरी गेला त्या वेळीही हेच झालं होतं. २०२१च्या जूनमध्ये व्हेझिना, म्हणजे सर्वोत्तम गोलकीपरचा पुरस्कार, आणि जुलैमध्ये थेट शिकागो. जाऊ दे, तो विषय नको.

मार्शसो ४२ गोलांच्या हंगामानंतर गेला. सॅलरी कॅप म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, तेहतिशी उलटलेलं वय, पाच वर्षांचा करार. कारणं सगळी पाठ आहेत, पटत एकही नाही. कारण मार्शसो, स्मिथ आणि कार्लसन ही एकत्र खेळणाऱ्या तीन फॉरवर्डची लाइन कुणी ठरवून घडवलीच नव्हती. २०१७ मध्ये आपला संघ नव्याने उभा राहत होता, तेव्हा स्मिथचा पगार डोक्यावरून उतरावा म्हणून फ्लोरिडाच्या संघाने मार्शसोवरही पाणी सोडलं. कोलंबसकडून आदल्या हंगामात ६ गोल केलेला कार्लसन त्या दोघांच्या मधे आला आणि त्याने ४३ केले! स्मिथने न बघता पास टाकावा आणि मार्शसो तिथे असावाच. हे कुठल्या करारात लिहून मिळतं?

२०२३च्या स्टॅनली कप फायनलची पाचवी मॅच. तेव्हाचा कोच कॅसिडीने सुरुवातीलाच बर्फावर उतरवलेले पाचही जण पहिल्या हंगामापासूनचे. ९-३. मग कॅप्टन स्टोनने कप आधी स्मिथच्या हातात दिला, आणि जुन्या सहाही जणांच्या हातून फिरल्यावरच तो बाकीच्यांकडे गेला. मी ढसाढसा रडले होते.

पंधरा दिवसांत स्मिथ पिट्सबर्गला. पुढच्या वर्षी एकाच दिवशी मार्शसो आणि त्या सहांतला विल कॅरियर.

आज सकाळी तो वाकडा टाका उसवून नव्याने घालत होते, तेव्हा एकदम मनात आलं. २०१७ मध्ये ३० संघांकडून एकेक खेळाडू आपण उचलला, तेव्हा कोलंबसमध्ये कुणीतरी कार्लसनची जर्सी घडी करून कपाटात ठेवलीच असेल. फ्लुरीसाठी पिट्सबर्गमध्ये किती घरांत डोळे पुसले गेले असतील. मी तेव्हा नुसती आनंदात होते. त्यांची आठवणसुद्धा झाली नाही मला.

आणि स्मिथ परत आला की! २०२५च्या मार्चमध्ये. एडमंटनविरुद्ध ०.४ सेकंद उरले असताना त्याने गोल केला तेव्हा शेजारी मार्शसो नव्हता. पुढे मालिका गेली ती गेलीच. पण त्या क्षणी मी ‘आपण जिंकलो’ असंच ओरडले होते, कोण आहे, कोण नाही हे न मोजता.

दुपारी भाचीला तो गोल दाखवला. तिने तीनदा मागे नेऊन पाहिला. मग म्हणाली, संध्याकाळच्या मॅचला ही जर्सी मी घालू?

बाह्या तिच्या बोटांच्याही खाली येतात. घाल म्हटलं. फक्त तो १ जप, असं दोनदा बजावलं.