आधी राजा, मग प्यादं

कोल्हापुरातल्या शालेय बुद्धिबळ स्पर्धांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. पटावर दोन राजे आणि एक प्यादं उरलं की मुलं प्यादं पळवत सुटतात. हातातला डाव बरोबरीत जातो, आणि ते बघताना खरंच जीव हळहळतो.

दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच घर: ही ऑपोझिशन. कुस्तीच्या या गावात आधी हात घालणारा वरचढ वाटतो. इथे उलटं आहे. ज्याच्यावर चालीची पाळी, त्यालाच वाट सोडावी लागते.

पट मांडा (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी). पांढरा राजा ई४, प्यादं ई२, काळा राजा ई६, चाल पांढऱ्याची. प्यादं ई३! राखून ठेवलेली ही एक चालच डाव जिंकते. तेच प्यादं आधीच ई३ वर असतं, तर पांढऱ्याला राजा हलवावा लागून बरोबरी झाली असती.

आता काळा राजा डी६ वर गेला की पांढरा राजा विरुद्ध बाजूने एफ५. काळा ई७, पांढरा ई५. काळा डी७, पांढरा एफ६. काळा ई८, पांढरा ई६. पुन्हा समोरासमोर, पाळी काळ्याचीच. तो डी८ वर सरकला की पांढरा एफ७ वर, आणि मग राजाच्या आधाराने प्यादं पुढे सरकतं. यात एफ५, ई७ नंतर घाईने प्यादं ई४ केलं तर काळा एफ७ वर येतो आणि विजय गेला.

बचाव करणाऱ्याने एकच घर पाठ करावं. पांढरा राजा ई५, प्यादं ई६, काळा राजा ई७, चाल काळ्याची: सरळ मागे ई८. मग पांढरा डी६, काळा डी८. प्यादं ई७ शह, काळा ई८. पांढरा ई६, स्टेलमेट: काळ्याला शह नाही, पण चालही नाही, म्हणून बरोबरी. पहिल्याच चालीत ई८ ऐवजी डी८ किंवा एफ८ वर गेलात तर हरलात.

राजे लांब असले तरी हिशोब तोच: एकाच रांगेत, मधली घरं ३ किंवा ५, आणि पाळी समोरच्याची.

कडेच्या ए आणि एच प्याद्यांना मात्र हे लागू नाही. बचावाचा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरीच. म्हणून शेवटचे हत्ती मारामारीत काढण्याआधी प्यादं कुठल्या उभ्या रांगेत उरतंय आणि पाळी कुणाची येतेय, हे मोजून घ्या.