नाताळची खीर

नाताळ म्हटलं की केक, हे आपल्या डोक्यात इतकं फिट्ट बसलंय की डिसेंबर लागला रे लागला की कोपऱ्यावरचा बेकरीवालासुद्धा काचेवर लाल टोपीवाला म्हातारा चिकटवतो आणि वर्षभर असतो तोच कोरडा केक वीस रुपये जास्त लावून विकतो. लोक घेतातही. मीही घेते, आता काय सांगायचं. पण माझं मत विचाराल तर नाताळचं खरं जुनं पक्वान्न केक नव्हेच. खीर. गव्हाची खीर. केक, पुडिंग वगैरे सगळी मागाहून आलेली मंडळी.

हसू नका, सांगते कसं ते.

इंग्लंडात फ्रूमेंटी नावाचा एक पदार्थ असायचा. गहू भिजवायचा, कुटून त्याचं साल काढायचं, दाणा फुटेपर्यंत शिजवायचा, मग त्यात दूध नाहीतर बदामाचं दूध, वर अंड्याचा बलक आणि ऐपत असेल तर केशर. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या स्वयंपाक्यांनी १३९०च्या सुमारास ज्या पाककृती लिहून ठेवल्यात त्यांत ही आहे, फक्त ती गोडाची म्हणून नाही, तर हरणाच्या मटणाबरोबर वाढायची, आणि एके ठिकाणी चक्क डॉल्फिनच्या भाऊबंदांपैकी एका समुद्री प्राण्याबरोबर. म्हणजे राजेसाहेब मटणाशी खीर खात होते. असो, ज्याची त्याची आवड. पुढे हळूहळू ती गोड झाली, मनुका आल्या, मसाले आले, आणि यॉर्कशायरकडे तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाडगाभर फ्रूमेंटी खाणं हा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज होऊन बसला. तिथे गहू रात्रभर कोमट पाण्यात घालून चुलीच्या उबेला ठेवून द्यायचे, सकाळपर्यंत दाणा टम्म फुगायचा.

आता आमच्या सांगलीकडची खपली गव्हाची खीर आठवा. गहू ओलवायचा, उखळात सडायचा, पाखडायचा, मऊ शिजवायचा, मग गूळ, खसखस, खोबरं, सुंठ, वेलची. शिजायला लागली की ती अशी थपक-थपक उडते की ढवळणाऱ्याने हाताला फडकं गुंडाळलंच पाहिजे, नाहीतर मनगटावर चटका ठरलेला. फ्रूमेंटी ढवळणाऱ्या यॉर्कशायरच्या बायकांनीही असेच चटके खाल्ले असणार.

बरं, खीरच का? मला वाटतं त्यात कोडं काही नाही. तिकडचा डिसेंबर म्हणजे दुपारी तीन-चारला अंधार, शेतात काही नाही, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबलेल्या, जे काय आहे ते कणगीत. शिवाय नाताळच्या आधीचे आठवडे उपासाचे, मांस नाही, बऱ्याच ठिकाणी दूध-लोणीही नाही. जर्मनीत ड्रेस्डेनचा तो प्रसिद्ध स्टोलन ब्रेड याच भानगडीमुळे तेलात करावा लागायचा आणि म्हणे अगदी बेचव लागायचा, शेवटी तिथल्या राज्यकर्त्यांनी थेट पोपकडे अर्ज केला आणि १४९१ साली आठव्या इनोसंट पोपने लोणी वापरायची लेखी परवानगी दिली. ब्रेडला लोणी लावायला रोमहून पत्र! तर अशा दिवसांत कणगीतलं धान्य पाण्यात शिजवून त्यात घरात असेल ते गोड घालणं हाच सरळ मार्ग.

ते नाताळचं पुडिंग, काळं, गोल, वर ब्रँडी ओतून पेटवतात ते, त्याचंही मूळ पातळच. मटणाच्या रश्श्यात ब्रेडचा चुरा, मनुका, सुकी आलुबुखार, मसाले, वाइन असं सगळं घोटून केलेलं आटवल. सतराव्या शतकात पुडिंग फडक्यात बांधून उकडायची पद्धत बसली आणि त्या पातळाचा हळूहळू गोळा झाला. त्याच शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळच बंद करून टाकला, बायबलात सांगितलेला सण नाही म्हणून. त्या वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरीच्या मेयरने दुकानं उघडी ठेवायचा हुकूम काढला तर लोकांनी उघडी दुकानं फोडली आणि रस्त्यात फुटबॉल खेळत धुडगूस घातला. या दंग्याला पुढे प्लम पुडिंगचंच नाव पडलं. माणसं धर्मासाठी भांडतात असं म्हणतात, पण पोटाचा वाटा त्यात किती असतो ते कुणी मोजत नाही.

पुडिंग ढवळायचेही नियम असतात. अॅडव्हेंट, म्हणजे नाताळच्या आधीचे चारेक आठवडे, त्याच्या आधीच्या रविवारी घरातल्या प्रत्येकाने एकेकदा ढवळायचं, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण बाळ येशूला बघायला तीन राजे पूर्वेकडून आले, आणि ढवळताना मनात इच्छा धरायची. जिन्नस १३, येशू आणि बारा शिष्यांचे. आपल्या गोव्यात नाताळचं दोदोल करताना तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ तासन् तास घोटत बसावं लागतं, तिथेही अख्खं घर पाळीपाळीने हात लावतं, फक्त मनात इच्छा एकच असते की आता हे संपू दे. आणि १९२७ साली ब्रिटिशांनी तर साम्राज्याचं पुडिंग म्हणून एक कृती छापून वाटली होती, राजाच्या शेफची, तिच्यात मनुका ऑस्ट्रेलियाच्या, लवंग झांजिबारची, दालचिनी सिलोनची, रम जमैकाची, आणि मसाल्यापुढे आपलं नाव. सगळं जग लुटून एका फडक्यात बांधलं की! जाऊ दे, तो विषय काढला तर खीर करपेल.

मला खरी मजा वाटते ती वर उत्तरेकडे. नॉर्वे-डेन्मार्ककडे निस्से म्हणून एक बुटका असतो, स्वीडनमध्ये त्याला टोमटे म्हणतात. दाढी, करडे कपडे, लाल टोपी, मुक्काम गोठ्यात. हा घराचा राखणदार. वर्षभर गुराढोरांकडे बघतो, घोड्याला वैरण घालतो, आणि या सगळ्याची मजुरी किती, तर नाताळच्या आदल्या रात्री वाडगाभर गरम खीर आणि वर लोण्याचा गोळा. लोणी पाहिजे म्हणजे पाहिजेच. एक गोष्ट आहे, कुण्या मोलकरणीने थट्टेने लोणी वर न घालता तळाशी दडवलं. निस्सेने बघितलं, लोणी नाही, डोकं सटकलं, सरळ गोठ्यात जाऊन चांगली दुभती गाय मारली. मग परत येऊन खीर खायला बसला, खीर काय सोडायची नाही, आणि खाता खाता तळाशी लोणी लागलं. आता आली का पंचाईत. तर हा पठ्ठ्या रातोरात शेजाऱ्याच्या गोठ्यात गेला आणि तशीच दिसणारी गाय ओढून आणून इथे बांधली. म्हणजे घरधन्याचं नुकसान भरून निघालं, निस्सेचं मन शांत, आणि ज्या शेजाऱ्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही त्याची गाय गेली. एवढा व्यवहारी राखणदार मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्या खिरीत सुरुवातीला बार्ली वगैरे असायची. तांदूळ परदेशातून यायचा, महाग, त्यामुळे भाताची खीर म्हणजे सणाची चैन. आपल्याकडे जो भात रोज कुकरला लागतो तो तिकडे वर्षातून एकदा ताटात पडायचा, लोणी, साखर, दालचिनी घालून. आता अर्थात बारा महिने मिळतो, पण नाताळला तो पाहिजेच. डेन्मार्कमध्ये तर आता त्या भातात फेटलेली क्रीम, व्हॅनिला आणि बदामाचे तुकडे घालून थंडगार करतात, वरून चेरीचा गरम रस, आणि आत कुठेतरी एकच अख्खा बदाम लपवलेला. ज्याला तो मिळेल त्याला बक्षीस, बहुतेक वेळा बदामाच्या पिठाचं गुलाबी डुक्कर. माझी मामेबहीण आर्हुसला दिलीय, ती सांगते की बदाम मिळाला तरी बोलायचं नाही ही खरी कला. गालात धरून बसायचं. तिच्या सासूबाई यात पटाईत, सगळे जण बदामाच्या आशेने वाडग्यामागून वाडगे रिचवतायत, पोटं फुटायची वेळ आलीय, आणि ह्या बाई शांतपणे कॉफीचं विचारतायत, बदाम कधीचा गालात. इंग्लंडात हेच पुडिंगात चांदीचं नाणं घालून करतात, आणि त्याच्या आधी सहा जानेवारीच्या केकात घेवड्याचा दाणा घालायचे, तो ज्याच्या वाट्याला येईल तो त्या रात्रीपुरता राजा, मग भले तो घरचा गडी असो. मला बक्षिसापेक्षा गालात बदाम धरून बसलेली सासू जास्त आवडली.

आइसलंडमध्ये एवढं प्रेमाने द्यायला बहुतेक काही नव्हतंच, म्हणून तिकडचे चोरून खातात. तेरा भाऊ, ग्रिला नावाच्या राक्षसिणीची पोरं, १२ डिसेंबरपासून रोज एक डोंगरावरून खाली उतरतो. त्यांचे धंदे बघा. एक लाकडी चमचा चाटतो, एक पातेलं खरवडून नेतो, एक पलंगाखाली दबा धरून बसतो आणि कुणी जेवणाचं भांडं खाली ठेवलं की ते चाटून पुसून लख्ख करतो, एक स्कीर म्हणजे तिकडचा दह्याचा प्रकार, तो ओरपतो, एक आढ्याला टांगलेले सॉसेज पळवतो, एक धुराड्यातून आकडा सोडून मटण ओढतो, आणि शेवटचा मेणबत्त्या नेतो, ज्या पूर्वी चरबीच्या असायच्या, म्हणजे तोही खाणंच चोरतो. ही भुतांची यादी नाहीच मुळी, कुणातरी गृहिणीने हिवाळ्यात मध्यरात्री जागं राहून केलेला कोठीघराचा हिशेब आहे. चमचाभर दही कमी झालं तरी जिला कळायचं अशा बाईचा. त्यातला तिसरा बुटका स्टूफुर, तो फक्त तव्याला चिकटून करपलेलं खातो. खरवड! आमच्या घरी खिरीच्या पातेल्याच्या खरवडीवरून आम्ही भावंडं चमच्याने मारामाऱ्या करायचो, त्यामुळे या स्टूफुरला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. यांची भीती पोरांना इतकी घालायचे की १७४६ साली तेव्हा तिथे राज्य असलेल्या डॅनिश सरकारला हुकूम काढावा लागला, पोरांना असल्या गोष्टी सांगून घाबरवायचं नाही म्हणून. आता ते सुधारलेत, खिडकीत ठेवलेल्या बुटात खाऊ टाकून जातात.

आणि मग युक्रेनची नाताळच्या आदल्या रात्रीची कुतिया. ही तर आपलीच खीर, शप्पथ. अख्खा गहू, मध आणि खसखस. त्या रात्रीही उपास, म्हणून दूध नाही, वाटलेल्या खसखशीचंच दूध. आभाळात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायला बसत नाही, ताटात बारा पदार्थ, आणि पहिला घास कुतियाचा. जेवण झाल्यावर ती आणि चमचे रात्रभर टेबलावर तसेच राहू देतात, घरातली गेलेली माणसं येऊन खातील म्हणून. नॉर्वेतही पूर्वी त्या रात्री सगळं घर जमिनीवर पेंढा पसरून झोपायचं, पलंग गेलेल्यांसाठी रिकामे. आपल्याला यातलं काही समजावून सांगायला लागत नाही, पितृपक्षात पान वाढणारे आपण.

पण कुतियाचा मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच. जेवणाआधी घरचा कर्ता माणूस दारात नाहीतर खिडकीशी वाडगं घेऊन उभा राहतो आणि हाक मारतो, अरे थंडी, ये, कुतिया खायला ये! युक्रेनमध्ये थंडी पुरुष आहे, मोरोझ, तेव्हा अरे थंडोबा म्हणा हवं तर. तीनदा बोलावतो. तो काही येत नाही. मग लगेच आवाज चढवून, आता बोलावलं तेव्हा नाही आलास ना, मग पुढे आमच्या गव्हावर, वासरांवर यायचं नाही, कळलं? म्हणजे आमंत्रण द्यायचं ते तू येणार नाहीस हे पक्कं माहीत असताना, आणि न येण्याचीच वर पावती करून घ्यायची. लग्नाच्या पत्रिका वाटताना आपल्याकडेही काही घरं याच हिशेबाने गाठली जातात.

मग तोच कर्ता चमचाभर कुतिया छताला फेकून मारतो. जितके दाणे चिकटतील तितकी मधमाश्यांची बरकत, पीक चांगलं, वासरं जास्त. हे वाचून मी घरी जाहीर करून टाकलंय की यंदा चोवीस तारखेला संध्याकाळी खपली गव्हाची खीर होणार, खसखस दुप्पट, दाराबाहेर थंडोबाला रीतसर हाकही मारणार, पुण्यात त्याचं काही चालत नाही तरी. छताचं मात्र जमायचं नाही, दिवाळीतच रंग दिलाय आणि आई आत्तापासून डाव लपवून बसलीय.