काकवीचं रक्त

लालभडक रक्ताला कुणी भीत नाही. गणपतीपुढच्या देखाव्यात राक्षसाच्या ओठाखाली ऑइलपेंटचा ओघळ दिसला, की गल्लीतली पोरं आधी फिदीफिदी हसतात, मग बोट लावून बघतात. खरं रक्त थोड्याच वेळात काळवंडतं, कडेकडेनं सुकत तपकिरी होतं. एवढं ध्यानात ठेवलं तर बेळगाव-चिकोडीच्या उसाच्या मुलखात रक्त शोधायला लांब जावं लागत नाही. वाटीभर काकवी घ्यायची, पाव चमचा खायचा लाल रंग चमचाभर पाण्यात कालवून घालायचा, वर चिमूटभर कॉफी. पातळ वाटलं तर चमचाभर कॉर्नफ्लोअर पाव वाटी पाण्यात शिजवून, गार करून मिसळा. कच्चंच ढवळलं तर सगळं दुधाळ गुलाबी होतं, आणि गुलाबी रक्तासारखं केविलवाणं दुसरं काही नाही.

काकवीची खोड एकच, मुंग्या. तासाभराच्या नाटकाला ती चालते, दहा दिवसांच्या देखाव्याला नाही. तिथं फेव्हिकॉलमध्ये पोस्टर कलर. ओला फेव्हिकॉल पांढुरका, त्यामुळे रंग फिका वाटतो आणि हात सैल सोडून आणखी ओतला जातो. वाळल्यावर तोच गडद होतो. दम धरावा.

तुटका हात मात्र सावकाश करायची गोष्ट आहे. औषधाच्या दुकानातला पातळ रबरी हातमोजा आणा. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, पाण्यात भुरभुरवायचं, पिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या. दोन वाट्या पीओपीला साधारण वाटीभर पाणी. ते मोज्यात ओतताना बोटांच्या टोकांत हवा अडकते आणि नेमकी नखाची जागा पोकळ निघते, म्हणून प्रत्येक टोकाला सुईनं बारीक भोक पाडून ठेवा. बोटांत बाइंडिंगच्या तारेचा तुकडा घातला की ती मोडत नाहीत. दोरीला टांगलात तर वजनानं बोटं फुगून केळ्याचा घड होतो. त्यापेक्षा परातीत वाळू पसरून मोजा पालथा निजवा आणि बोटं जराशी मुडपा. मेलेला हात सरळ नसतो. अर्ध्या तासात तो तापतो, पूर्ण गार झाला की मोजा सोलायचा. स्वतःचाच हात पीओपीत बुडवून साचा काढायची हुशारी कुणी करू नये. जाड थर 60 अंशांपर्यंत तापू शकतो, आणि तोवर आतला हात निघत नाही.

पांढऱ्या हातावर टिश्यूपेपरचा एकच पदर, अर्धं पाणी घातलेल्या फेव्हिकॉलनं. वाळताना तो आक्रसतो आणि आपोआप सुरकुत्या पडतात. शिरांना पदराखाली शिवणाचा दोरा, सोललेल्या कातडीला लसणाचा पापुद्रा, नखांना आइस्क्रीमच्या कपाचं प्लॅस्टिक कापून. विकतचे हात गुलाबी असतात, कुणा गोऱ्या साहेबाचे. आपल्याकडचा हात तपकिरी, त्यात थेंबभर हिरवा मिसळायचा, वरून कोरड्या ब्रशनं राखाडी. आणि नखांत माती. त्या मातीनं जितकं काम होतं तितकं वाटीभर रक्तानं होत नाही, कारण कालपर्यंत हा हात शेतात राबत होता हे बघणाऱ्याला तीच सांगते.

फुग्यावर कागद चिकटवून कवटी सगळेच करतात. पण खानापूरकडच्या भाद्रपदात ती वाळत नाही. दिवसाला दोनच पदर द्या, मैद्याच्या खळीला बुरशी येऊ नये म्हणून पुस्तक बांधणारे घालतात तसा चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला. तो विषारी आहे, पोरांच्या हातात देऊ नका.

31 डिसेंबरला बेळगावात जाळतात तो ओल्डमॅन, सरत्या वर्षाचा पेंढ्याचा पुतळा, तरी का भीतिदायक वाटत नाही? पेंढा दोन्हीकडं सारखा भरलेला, खांदे एका रेषेत. एक खांदा चार बोटं उतरवा, मान त्याच बाजूला कलती करा, बाह्या वीतभर लांब ठेवा, आणि दाराकडं पाठ करून खुर्चीत बसवा. तोंड रंगवायचीही गरज नाही.

सगळ्यात स्वस्त वस्तू मात्र पानाच्या डब्यात आहे. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर हळद घालून पांढरं धोतर पाव तास भिजवा, पिळून सावलीत वाळवा. उन्हात हळद उडते. विसळताना साबण नको, सगळंच लाल होईल. खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी घ्या. पाण्यासारखी दिसणारी ती निवळी तळव्याला लावून नटानं धोतराला हात टेकला, की लोकांच्या डोळ्यांदेखत रक्ताळलेला पंजा उमटतो. दृष्ट काढायला ओवाळतात ते लाल पाणी, कन्नड शेजाऱ्यांची ओकळी, तीही हळद-चुन्याचीच. हात लगेच धुवायचा, डोळ्याला लावायचा नाही. पंजावर लिंबू पिळलं की तो परत पिवळा होतो, आणि तेच धोतर साध्या पाण्यातून काढून दुसऱ्या खेळाला चालतं.