एकाच वर्षातले दोन कौल
आज सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका मावशींशी गप्पा झाल्या. मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापता कापता म्हणाल्या, "लोकसभेला घटनेसाठी मत दिलं, विधानसभेला दीड हजारासाठी. काय चुकलं?"

काहीच नाही! २०२४ च्या मे महिन्यात सोलापूरने काँग्रेसच्या प्रणिती शिंदेंना कौल दिला. नोव्हेंबरात शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण या विधानसभेच्या तिन्ही जागा भाजपला. सहा महिन्यांत माणसांचे विचार थोडेच पालटतात? आधीच्या प्रचारात संविधान पुढे होतं, नंतर लाडकी बहीण. अशा बाईला 'विकली गेली' म्हणणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. घरखर्च हासुद्धा विचारच आहे.

नगरसेवक निवडताना काय बघता, विचारलं.

"नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते."